वाचक विचारतात : रे रोडचे ‘रे’ नक्की कुठले?

गेल्या अंकात हार्बर लाइनच्या स्टेशनांबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि त्यात एका ओळीत म्हटलं होतं की रे रोड हे नाव मुंबईच्या एका डच गव्हर्नरावरून पडलंय. त्यावर इतकी पत्रं, इतके मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यांनाच देतोय. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं न देता फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न (डोंबिवली) : मुंबईचा गव्हर्नर डच कसा असेल? इथे राज्य इंग्रजांचं होतं ना? तुमची काहीतरी गल्लत होतेय.

गल्लत नाहीये, पण माझं वाक्य अर्धवट होतं हे खरं. हे गृहस्थ म्हणजे डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे. जन्म २२ डिसेंबर १८३९, हेग शहरात. शिक्षण लायडन विद्यापीठात, कायद्याची पदवी १८६१ ची. नंतर तिथल्याच वसाहत खात्यात काही काळ नोकरी आणि १८७१ ते १८७५ अशी चार वर्षं चक्क डच संसदेच्या खालच्या सभागृहात खासदार, उदारमतवादी बाजूचे. म्हणजे पस्तिशीपर्यंत हा माणूस पूर्णपणे डच होता, घर डच, आई डच, कारकीर्द डच. पण आडनाव मॅके, आणि मॅके म्हणजे स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाचा क्लॅन, आपल्याकडे एखाद्या भावकीचा मूळपुरुष आणि वतन असावं तसा.

मग झालं असं की १८७५ मध्ये स्कॉटलंडमधले नववे लॉर्ड रे वारले, त्यांना वारस नव्हता, आणि किताब समुद्र ओलांडून हेगला आला, डोनाल्डच्या वडिलांकडे. वडील, एनियस मॅके, तेव्हा सत्तरीच्या जवळ आलेले आणि नेदरलँड्सच्या राज्य परिषदेचे उपाध्यक्ष, आणि तिथे अध्यक्ष स्वतः राजा असतो त्यामुळे उपाध्यक्ष म्हणजे केवढं मोठं पद ते लक्षात येईल. त्यांनी किताब जेमतेम नऊ महिने सांभाळला, मार्च १८७६ मध्ये तेही गेले आणि डोनाल्ड अकरावे लॉर्ड रे झाले. तोपर्यंत ते खासदारकी सोडून ब्रिटनमध्ये गेले होते. १८७७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, त्याच वर्षी लग्न केलं, १८८१ मध्ये ग्लॅडस्टन सरकारच्या काळात त्यांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसता येईल असा वेगळा ब्रिटिश किताबही मिळाला, आणि १८८५ मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर. नागरिकत्व मिळून आठ वर्षं झालेला माणूस एवढ्या मोठ्या प्रांताचा गव्हर्नर होतो, ही गोष्ट मला तरी थक्क करते.

प्रश्न (नाशिक) : स्कॉटलंडचं घराणं हॉलंडला गेलंच कशाला? लग्नसंबंध होते का?

लग्नं नंतर झाली, आधी लढाई. स्कॉटलंडच्या त्या टोकाला जमीन खडकाळ, पीक कमी आणि मुलगे भरपूर, त्यामुळे धाकट्या मुलांनी परदेशी फौजांत जायचं हे ठरलेलंच. पहिले लॉर्ड रे, तेही डोनाल्डच, त्यांनी १६२६ मध्ये स्वतःची पलटण उभी केली आणि ती युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात आधी डेन्मार्कच्या राजासाठी आणि मग स्वीडनच्या गुस्ताव अडॉल्फसाठी लढली. किताब मिळाला १६२८ मध्ये.

नेदरलँड्समध्ये तर स्कॉट सैनिकांची एक अख्खी ब्रिगेडच होती, १५७० च्या दशकात डच लोक स्पेनविरुद्ध उठले तेव्हापासूनची, आणि ती १७८२ पर्यंत टिकली. पगार डच सरकारचा, सैनिक आणि अधिकारी स्कॉट. मॅके घराण्यातले ह्यू मॅके हे या ब्रिगेडचे गाजलेले जनरल. त्यांनी क्लारा डी बी नावाच्या डच मुलीशी लग्न केलं. १६८८ मध्ये ऑरेंजचा विल्यम डच फौज घेऊन इंग्लंडच्या गादीवर बसायला निघाला त्यात हे होते, पुढच्या वर्षी किलीक्रँकीच्या खिंडीत स्कॉटलंडमध्येच आपल्याच देशबांधवांकडून त्यांच्या सैन्याची दाणादाण उडाली, आणि १६९२ मध्ये स्टीनकर्कच्या लढाईत ते मारले गेले. त्यांची पलटण मग भाच्याकडे आली. हा भाचा एनियस मॅके, दुसऱ्या लॉर्ड रेंचा मुलगा, त्याची आई ही जनरलसाहेबांची बहीण. त्यानेही तिकडचीच मुलगी केली आणि डच शाखा सुरू झाली ती इथून. मामाभाच्यांनी घराणं हलवलं म्हणा.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १७८२ साल. तेव्हा ब्रिटन आणि नेदरलँड्स यांच्यात युद्ध पेटलेलं, आणि डच सरकारने ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की आता निष्ठेची शपथ आमचीच घ्यायची, स्कॉट ओळख सोडायची. अनेकांनी राजीनामे दिले आणि परत गेले. जे राहिले ते कायमचे डच झाले. दोनशे वर्षं दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत होता, तो त्या दिवसापासून ठेवता येईना. मॅकेंची ही शाखा डच बाजूला राहिली आणि १८२२ मध्ये तिला डच बॅरन हा दर्जाही मिळाला. खेल्डरलँड प्रांतात वाल नदीजवळ ओफेमर्ट नावाचं गाव आहे, तिथला किल्लेवजा वाडा लग्नसंबंधातून त्यांच्याकडे आला.

डोनाल्डची आई मारिया, माहेरची फाखल. हे फाखल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डच राज्याच्या सचिवपदावर असलेलं घराणं. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत त्यांच्या एका कर्त्या पुरुषाला इंग्लंडमध्ये राहावं लागलं, पैशांची चणचण आली आणि घरातला सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह विकावा लागला. १८०२ मध्ये तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने घेतला, आजही तिथल्या ग्रंथालयात फाखल संग्रह म्हणून वेगळा ठेवलेला आहे. मुंबईच्या गव्हर्नराच्या आजोळची पुस्तकं आयर्लंडमध्ये, वडिलांचा किताब स्कॉटलंडचा आणि स्वतःचा जन्म हेगचा, असं हे सगळं पसरलेलं घर.

प्रश्न (सांगली) : लॉर्ड म्हणजे जमीनजुमला प्रचंड असणार. किती एकरांचे मालक होते?

मॅकेंच्या मूळ मुलखात एक एकरही नाही. सातव्या लॉर्ड रेंनी १८२९ मध्ये घराण्याचा सगळा मुलूख, डर्नेस, टंग, एड्राखिलिस, सगळं, ३ लाख पौंडांना सदरलँडच्या घराण्याला विकून टाकलं. हे सदरलँडकर म्हणजे तेच, ज्यांच्या कारभाऱ्यांनी त्याआधीच्या काही वर्षांत शेजारच्या स्ट्राथनेव्हर खोऱ्यातल्या कुळांना घरांतून हुसकावून तिथे मेंढ्या घातल्या होत्या, छपरं पेटवून दिल्याच्या आठवणी तिकडे अजून सांगतात. त्या कुळांत मॅके आडनावाचे लोक किती होते ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे १८७६ मध्ये डोनाल्डच्या हातात आलं ते नाव आणि क्लॅनचं प्रमुखपद. १८८१ च्या किताबात त्यांनी ‘डर्नेसचे बॅरन रे’ असं लावलं तेव्हा डर्नेसमध्ये त्यांच्या मालकीचं काही नव्हतं. स्कॉटलंडमध्ये ते राहिले ते पत्नीच्या घरी. पत्नी फॅनी, आधीचे पती कॅप्टन मिचेल हे खासदार होते आणि ते वारल्यावर चार वर्षांनी तिने डोनाल्डशी लग्न केलं. कॅरोलसाइड आणि लेडलॉस्टील ही स्कॉटलंडच्या दक्षिणेकडची घरं तिच्या बाजूची. विधवेने पुन्हा लग्न करणं तिकडे नवलाचं नव्हतं, पण ही बाई लेडी रे म्हणून मुंबईत आली तेव्हा आपल्याकडे विधवाविवाहावरून काय वादळं उठत होती ते आठवून बघा.

प्रश्न (दादर) : बरं, पण त्यांनी मुंबईसाठी केलं काय? नुसतं स्टेशनला नाव मिळावं इतकं?

मार्च १८८५ ते एप्रिल १८९० अशी पाच वर्षं ते इथे होते. ही पाच वर्षं म्हणजे डिसेंबर १८८५ मध्ये गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसची पहिली बैठक, रखमाबाईंचा खटला, व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकाम पुरं होणं, सगळं याच काळातलं. रेंचा स्वतःचा हात ज्यात होता ते सांगतो.

आल्या आल्या त्यांनी दादाभाई नौरोजींना कायदेमंडळात घेतलं, त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडेही तिथे गेले आणि १८८७ मध्ये फिरोजशहा मेहता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग आधीपासून होतेच. त्यामुळे मुंबई महापालिकेचा कायदा मंडळापुढे आला तेव्हा मूळ मसुद्यात सरकारी पकड घट्ट होती ती मेहता आणि तेलंगांनी बरीच सैल करून घेतली आणि रेंनी ते होऊ दिलं. १८८८ चा हा कायदा. ७२ सभासद, त्यातले ३६ करदात्यांनी वॉर्डांतून निवडून द्यायचे. मुंबई महापालिका आजही त्याच कायद्याने चालते, दुरुस्त्या शेकडो झाल्या पण साल तेच, पालिकेच्या कुठल्याही नोटिशीवर ‘अधिनियम, १८८८’ असं छापलेलं असतं ते काढून बघा.

दुसरं तंत्रशिक्षण. व्हीजेटीआय, म्हणजे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, १८८७ चं. राणीच्या सुवर्णमहोत्सवाचा पैसा, सर दिनशा पेटिट यांनी दिलेली भायखळ्याची जागा आणि रेंचा आग्रह. माटुंग्याला ते नंतर गेलं, १९२३ मध्ये. नुसत्या बीए, एलएलबी काढून भागणार नाही, गिरण्या चालवणारे, यंत्रं दुरुस्त करणारे लोक इथलेच तयार व्हायला हवेत, हा विचार त्या काळच्या गव्हर्नरांमध्ये फारसा दिसत नाही, रेंमध्ये तो ठामपणे दिसतो.

तिसरं ठाणे-कुलाब्याच्या (हा कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) जंगलांचं. जंगल खात्याने राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायच्या जमिनीवर पालापाचोळा भाजण्यासाठी, झाडांची टहाळी तोडायला बंधनं घातली होती. भातशेती करणाऱ्याला राब भाजल्याशिवाय रोप येत नाही हे आपल्या कोकणातल्या वाचकांना मी काय सांगणार. तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा रे सरकारने १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८८७ चा. सगळे प्रश्न सुटले असं अजिबात नाही, पण आदिवासी आणि शेतकरी काय म्हणतात हे सरकारी कागदावर लिहून घेतलं गेलं.

आणि चौथं, जे मला सगळ्यात मोठं वाटतं, ते क्रॉफर्ड प्रकरण. आर्थर क्रॉफर्ड म्हणजे ज्यांच्या नावाचं मार्केट आहे तेच, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, कर्तबगार, रुबाबदार आणि कायम कर्जात बुडालेले. १८८८ मध्ये ते पुण्यात मध्य विभागाचे कमिशनर होते. बढती हवी, बदली हवी, तर हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे पोचवायचे, असा धंदा चाललाय अशी मामलेदारांमध्ये उघड कुजबुज होती. रेंनी चौकशी लावली. गोऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर नेटिव्ह मामलेदारांच्या साक्षीवरून चौकशी! सिव्हिल सर्व्हिसमध्ये हलकल्लोळ झाला. निलंबित झाल्यावर क्रॉफर्डनी वेष बदलून निसटायचा प्रयत्नही केला, तो फसला.

अडचण अशी होती की साक्ष देणार कोण? जो मामलेदार सांगेल की मी पैसे दिले, तो स्वतः लाच देणारा ठरणार. म्हणून रे सरकारने वचन दिलं की खरं सांगा, तुमच्यावर कारवाई होणार नाही, नोकरी जाणार नाही. त्या वचनावर लोक पुढे आले. हणमंतरावांना शिक्षा झाली. क्रॉफर्डसाठी वेगळा आयोग पुण्यात बसला आणि त्याने निकाल दिला की लाचखोरी सिद्ध होत नाही, मात्र हाताखालच्या लोकांकडून कर्जं घेतली हे सिद्ध होतं. तेवढ्यावरून क्रॉफर्ड बडतर्फ झाले. आणि मग लंडनमध्ये ओरड सुरू झाली की कबुली दिलेले लाचखोर मामलेदार अजून न्यायदानाच्या खुर्चीवर कसे? वरून दडपण आलं आणि काही मामलेदारांना घरी बसवलं गेलं.

इथे टिळक उभे राहिले. तेव्हा ते तेहतिशीचे, ‘केसरी’त लिहीत होते, पुण्यात १८८९ मध्ये सभा घेतली, इंग्लंडमधल्या लोकांशी पत्रव्यवहार केला. मुद्दा एकच, सरकारने शब्द दिला होता तो पाळा. टिळकांच्या सार्वजनिक आयुष्यातली ही अगदी सुरुवातीची मोठी लढाई. आणि गंमत म्हणा किंवा काही म्हणा, या लढाईत टिळक आणि मुंबईचा गव्हर्नर एकाच बाजूला होते, कारण तो शब्द रेंचा होता आणि त्याला नख लावलं जात होतं ते लंडन-कलकत्त्याहून. शेवटी १८८९ मध्ये कायदा करून साक्षीदारांना संरक्षण दिलं गेलं, पण ज्यांची नोकरी गेली त्यांची गेली.

रे इंग्रज सिव्हिल सर्व्हिसच्या वर्तुळात वाढलेले नव्हते, त्यांचे भाऊबंद, शाळासोबती त्यात नव्हते. माझं स्पष्ट मत आहे की म्हणूनच त्यांना हे करता आलं. त्या वर्तुळातला गव्हर्नर असता तर क्रॉफर्डना प्रकृतीच्या कारणावरून रजेवर पाठवून विषय मिटवला गेला असता.

आणि हे सगळं चालू असताना तिकडे नेदरलँड्सचा पंतप्रधान कोण होता? त्यांचाच चुलतभाऊ, एनियस मॅके! एप्रिल १८८८ ते ऑगस्ट १८९१. बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामावर बंदी आणि बायकांच्या कामाच्या तासांना मर्यादा घालणारा १८८९ चा डच कायदा त्याच्या मंत्रिमंडळाचा. म्हणजे एक भाऊ हेगमध्ये देश चालवतोय आणि दुसरा मलबार पॉइंटवर बसून मुंबई इलाखा. मला हे कळलं तेव्हा मी दोघांच्या तारखा पुन्हा पुन्हा ताडून बघितल्या.

प्रश्न (पुणे, सदाशिव पेठ) : पुण्यात त्यांचं काही आहे का?

होतं. मंडई. महात्मा फुले मंडईचं मूळ नाव रे मार्केट, १८८६ मध्ये सुरू झालं तेव्हाचं. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती चहूकडे निघालेले गाळे, ती दगडी इमारत तीच. या इमारतीवर एवढा पैसा घालायला जोतीरावांनी नगरपालिकेत सभासद असताना विरोध केला होता, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचंच नाव दिलं गेलं. आणि घोले रोडवरचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय, तेही आधी लॉर्ड रे इंडस्ट्रियल म्युझियम होतं. म्हणजे पुण्यात रेंच्या दोन्ही जागा फुल्यांकडे गेल्या. मला ते योग्यच वाटतं.

प्रश्न (माझगाव) : रे रोडचं पण नाव बदलणार म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

घोडपदेव असं नाव सुचवलं गेलंय. घोडपदेव हे तिथल्या लोकांचं जुनं दैवत, वस्तीचं नावही तेच, त्यामुळे स्थानिकांना ते आपलं वाटतं हे मी समजू शकतो आणि मला त्यात वावगं दिसत नाही. एकच वाटतं, पाटी बदलली तरी तिथे चार ओळींचा एक फलक असावा, १९१० मध्ये कुर्ल्याहून गाडी इथपर्यंतच यायची आणि हे स्टेशन शेवटचं होतं, नाव कोणावरून होतं, त्याने मामलेदारांना काय शब्द दिला होता. दारूखान्यात जहाजं तोडणाऱ्या कामगारापासून ते व्हीजेटीआयच्या पोरांपर्यंत कोणीतरी वाचेल.

प्रश्न (इंदूर) : मुंबईनंतर ते कुठे गेले, आणि त्यांचं घराणं आज आहे का?

मुंबईनंतर काही काळ लंडनमध्ये भारत खात्याचे उपमंत्री, मग लंडनच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष, रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष ते १८९३ पासून अखेरपर्यंत, आणि ब्रिटिश अकादमीचे तर पहिलेच अध्यक्ष. १९०७ मध्ये हेगला दुसरी शांतता परिषद भरली तेव्हा ब्रिटनच्या प्रतिनिधींमध्ये लॉर्ड रे होते. परिषद भरायची बिनेनहोफच्या आवारात, रिडरझालमध्ये, आणि त्याच आवारात डच संसद, जिथे पस्तिशीच्या आत ते डच खासदार म्हणून बसत. आता सदुसष्टाव्या वर्षी तिथेच दुसऱ्या देशाच्या बाजूने. त्या चौकातून चालताना त्यांच्या मनात काय आलं असेल याचा मी खूप विचार करतो.

मूलबाळ नव्हतं. लेडी रे १९१७ मध्ये गेल्या, ते १ ऑगस्ट १९२१ ला कॅरोलसाइडच्या घरी. स्वतः मिळवलेला ब्रिटिश किताब त्यांच्याबरोबर संपला आणि जुना स्कॉटिश किताब पुन्हा एकदा हॉलंडला गेला, त्या पंतप्रधान भावाच्या मुलाकडे, एरिककडे. तोही तीनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये वारला, आणि तेरावे लॉर्ड रे झाले ते त्याचे पंधरा वर्षांचे चिरंजीव, नाव अर्थातच एनियस. डोनाल्डसारखंच मग या मुलानेही मोठेपणी, १९३८ मध्ये, ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि घराणं परत तिकडचं झालं. त्याचा मुलगा ह्यू युरोपियन संसदेत होता, ब्रिटिश सरकारातही होता, २०१३ मध्ये गेला. सध्याचे पंधरावे लॉर्ड रे, पुन्हा एनियसच, हे क्लॅनचे प्रमुख आहेत आणि २०१९ मध्ये पोटनिवडणुकीतून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये निवडून आले.